निळ्या रंगाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी, गडद निळ्या रंगाची मोटार आहे. माझे दिवे गोल आहेत, पत्रा जाड आहे आणि दार लावताना अजूनही भरीव आवाज होतो. आज मी बरी दिसते. पण मध्यंतरी मी आतून पार पोखरले गेले होते, त्याची ही हकिगत आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर रंगाचे थर एकावर एक चढवले गेले, तेव्हा मला वाटलं, रंग म्हणजे शोभा. रंग ही पत्र्याची कातडी असते आणि ती फाटली की पाणी थेट आत शिरतं, हे मला फार उशिरा कळलं.

मला विकत घेतलं ते जनावरांच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्याबरोबर मी चिखलाच्या वाटांनी गोठ्यागोठ्यांतून हिंडले. मागच्या सीटवर आजारी वासरं बसली, शेळ्या बसल्या. एकदा एका रागीट बदकाने तर घरी पोचेपर्यंत डॉक्टरांच्या मानेवर चोची मारल्या. घरी आलं की डॉक्टर आधी माझ्या चाकांमागचा चिखल धुऊन काढत आणि मगच स्वतःचे हातपाय धूत. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. तीही ते काडीने मोकळी करत. गाडी चालवताना त्यांचा कोपर कायम खिडकीत टेकलेला असे. घासून घासून तिथला रंग उडाला होता.

एके दिवशी दवाखान्यात काम करता करताच ते कोसळले. ते घरी परत आलेच नाहीत.

घरच्यांनी मला विकायचं म्हटलं, पण डॉक्टरांच्या पत्नीने विकू दिलं नाही. तिने जाड प्लास्टिक आणून मला चहूबाजूंनी झाकलं, दोरीने घट्ट बांधलं आणि कुणीही हात लावायचा नाही, असं बजावलं. तिच्या मायेविषयी मला शंका नाही. पण त्या प्लास्टिकखाली मला घाम फुटायचा आणि तो वाळायला वाराच नव्हता. खालच्या भोकांत कुजकी पानं बसली. दारांच्या पोटात पाणी साचू लागलं. माझ्या रंगावर आधी तांदळाएवढे फोड आले, मग ते फुगले आणि शेवटी रंगाचे पापुद्रे गळू लागले.

धाकट्या मुलाच्या लग्नाच्या वेळी प्लास्टिक निघालं. दिवस थोडे होते. मुलाने घाईघाईने रंगारी बोलावला. रंगाऱ्याने सांगून पाहिलं की सगळं खरवडावं लागेल, पण तेवढी सवड कुणालाच नव्हती. खड्डे लांबीच्या लगद्याने बुजवले आणि वरून रंगाचा फवारा मारला; फक्त कोपराची जागा डॉक्टरांच्या पत्नीने तशीच ठेवायला लावली. लग्नात पाहुण्यांनी माझं कौतुक केलं, मला टेकून फोटो काढले. मी नटून उभी होते आणि माझ्या आत गंज चरत होता. वर्ष उलटायच्या आत तेच फोड पुन्हा वर आले.

मग थोरली मुलगी घरी आली. ती दातांची डॉक्टर. तिने माझ्या दाराच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला. धाकटा म्हणाला की भंगारात देऊन टाकू, बाबांची गाडी अशी सडताना रोज बघवत नाही. थोरलीला ते पटेना. तिने मला सगळीकडून तपासलं. जिथे बाबांचा कोपर टेकायचा, तिथेही गंज लागला होता. तीही जागा खरवडावी लागणार होती.

आई आडवी आली. "बाकी काय हवं ते कर. पण ती जागा खरवडायची नाही. त्यांचं तेवढंच राहिलंय."

थोरली आईजवळ पायरीवर बसली. "आई, माझ्याकडे येणारी माणसंही हेच म्हणतात. कीड तशीच राहू दे, वरून भरून टाक. पण तसं केलं की पुढे अख्खा दात जातो." मग ती म्हणाली, "बाबांच्या हाताने रंग झिजला, म्हणूनच तिथे गंज धरला. तो थांबवायचा की नाही, ते तू सांग."

आई उठून माझ्याजवळ आली. तिने त्या जागेवर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. उचलला तेव्हा तळव्याला तांबूस भुकटी लागली होती. ती पदराला न पुसता आई म्हणाली, "कसं घासायचं ते मला दाखव."

ती जागा तिने स्वतः घासली. आधी तारेच्या ब्रशने, मग काचकागदाने, खालचा पत्रा लखलखेपर्यंत. घासताना तिचे डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही. धाकट्याने चाकं उतरवून खालचा जुना चिखल काढला. भंगाराचं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही. दाराची सडलेली कड कापून वेल्डरने तिथे नवा पत्रा जोडला. उघडा पत्रा दमट हवेतही गंजतो, म्हणून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावला. तो नीट वाळू दिला, मग रंग चढला. दुरुस्त केलेल्या दाराचा निळा रंग बाकीच्या अंगापेक्षा किंचित गडद आला. रंगारी पुन्हा मारून देतो म्हणाला. आई म्हणाली, "राहू दे. काय झालं होतं ते दिसू दे की."

आता मी छपराखाली, वाऱ्यात उभी असते. भिजले तर आई कोरड्या फडक्याने माझ्या कडा पुसते, अधूनमधून वाकून खालून बघते.

मित्रांनो, जे आवडतं ते बांधून ठेवू नका. उघडून बघत जा. फोड दिसला तर त्यावर रंग मारू नका, मुळाशी जा, दुखलं तरी जा. माझ्या सांगाड्यात खोल कुठेतरी, हात पोचत नाही अशा जागी, गंज अजून असेलही. पण जोवर कुणीतरी बघायला येतं, तोवर मी टिकेन.