कोरडा फडका

लातूर जिल्हा होऊन दोन महिने झाले होते तेव्हा चंद्रप्पा पेंटर गेले. गावातल्या निम्म्या पाट्यांवर अजून जुनाच जिल्हा होता.

ऑगस्टात घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर माणसांची रीघ लागली. किराणा, शाळा, दवाखाना, सोसायटी, ज्याला त्याला पाटीवरचं 'उस्मानाबाद' घालवून 'लातूर' लिहून हवं होतं. चाळीस वर्षांत एकच शब्द इतक्यांदा लिहायची वेळ कधी आली नव्हती, असं ते हसून सांगत. गंजगोलाईतल्या एका किराणा दुकानाची पाटी त्यांनी अशीच घेतली. जुन्या नावावर काळा रंग चढवला, तो वाळायला ठेवला, आणि घरी येताना छातीत कळ आली. त्यानंतर ते शिडीवर चढले नाहीत. सात आठवडे अंथरुणावर काढले. दसरा सरत होता त्या सुमारास गेले.

महानंदा, त्यांची एकुलती मुलगी, मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. समाधी दिली, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी उदगीर-निलंग्याला परतले, आणि एका रविवारी तिने आप्पांची लोखंडी पेटी उघडली. ब्रश धुऊन, तेल लावून, कागदात गुंडाळलेले. आप्पा आजारी पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत हे करत असणार. तळाशी खाक्यांची गुंडाळी होती. पाटीवर मोठं नाव लिहायचं तर आप्पा ते आधी पातळ कागदावर काढत, अक्षरांच्या कडेने सुईने बारीक भोकं पाडत, कागद पाटीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. कागद काढला की पाटीवर ठिपक्यांचं नाव उमटलेलं असे. त्यालाच खाका म्हणायचं.

ही गुंडाळी नांदेडची होती. नांदेडजवळ एका गिरणीच्या साहेबलोकांचं गोल्फचं मैदान होतं. दर वर्षी थंडीत तिथे स्पर्धा होई आणि पैशावर खेळणारे खेळाडू सिकंदराबाद, पुण्याहून येत. क्लबाच्या दिवाणखान्यात सागवानी फळा होता, काळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरांत आजवरच्या विजेत्यांची नावं. ती आप्पा लिहीत. नावं इंग्रजीत असायची आणि आप्पांना मराठी आणि कानडीखेरीज लिपी येत नव्हती. म्हणून क्लबाचं कार्ड आलं की ते महानंदाला मोठ्या अक्षरांत नाव काढून मागत आणि त्यावरून खाका करत. शाळेत होती तेव्हापासून हे काम तिचं. सिकंदराबादचा यादगिरी तीनदा, पुण्याचा एक ख्रिस्ती खेळाडू दोनदा. तिने गोल्फचा चेंडू उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, पण हे विजेते तिला ओळीने पाठ होते.

खाके उलटताना एक नाव आलं आणि तिचा हात थांबला. रामकिशन भीमा, नायगाव. साल बाहत्तर.

दुष्काळाचं साल. तेव्हा ती बी.एड. करत होती. हे नाव काढून देताना तिने आप्पांना विचारलं होतं, नायगावचा माणूस गोल्फ खेळतो? आप्पा म्हणाले होते, साहेबांच्या पिशव्या उचलता उचलता शिकला, आता साहेबांना हरवायला लागला.

तिला थांबवलं ते या आठवणीने नव्हे. तेच नाव एका कार्डावर होतं, आणि ते कार्ड तिच्या टेबलावरच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. सप्टेंबरात, आप्पा अंथरुणावर असताना ते आलं होतं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: 'पेंटर, दिवाळीला मी काम सोडतो. आता लिहायला हरकत नाही. या. रामकिशन.'

तिला वाटलं होतं, नेहमीचं नांदेडचं काम. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि कार्ड पाहिलं असतं तर आप्पांनी सदरा मागितला असता. तिने ते पुस्तकात ठेवलं. त्यानंतर आप्पांनी तीनदा विचारलं, नांदेडचं कार्ड आलं का गं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि ती औषधाची वाटी विसळायला आत गेली.

सोमवारी तिने रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने नांदेडला निघाली. निरोप आपण जाऊन द्यावा, एवढंच मनात होतं.

मैदान वाटलं होतं तसं हिरवं नव्हतं. पाऊस होऊन गेला होता तरी गवत पिवळं पडलेलं, मधूनमधून वाळूच्या काळपट चकत्या, प्रत्येकीत चेंडू घालायचं भोक. अशाच एका चकतीवर एक वाळका, उंच माणूस लाकडी फळीने वाळू ओढून सारखी करत होता. वाळूत जळकं तेल कालवलेलं होतं, म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही आणि तिला पाणी लागत नाही. महानंदाने रामकिशन कुठे भेटतील म्हणून विचारलं. त्याने फळी खाली ठेवली.

"मीच. तुम्ही पेंटरच्या लेक. कपाळ त्यांचंच हाय." मग तिच्या मागे, फाटकाकडे पाहत म्हणाला, "पेंटर न्हाई आले?"

तिने सांगितलं.

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याने कधी, कसं, एवढंच विचारलं. मग म्हणाला, "माझं कार्ड पोचलं व्हतं का त्यास्नी?"

"हो," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला ऐकू आला.

त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने तिला लिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं, डेऱ्यातलं पाणी दिलं आणि न विचारता सांगायला लागला.

बाहत्तरला विहिरी आटल्या होत्या. मैदानाला पाणी घालायचं बंद होतं. मोठ्या खेळाडूंपैकी यादगिरी तेवढा आला, सगळे मिळून अकराच जण. रामकिशनची रोजची पायाखालची जमीन. भेगा कुठे, ढेकूळ कुठे, चेंडू कुठे उसळणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? यादगिरीला दोन ठोक्यांनी हरवून तो जिंकला. चंद्रप्पा आदल्याच रात्री येऊन राहिले होते. नाव कळताच ते लातूरला जाऊन खाका करून आले आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर नाव लिहून टाकलं.

चौथ्या दिवशी कमिटी बसली. दुष्काळात, वाळलेल्या मैदानावर, अकरा जणांत झालेली स्पर्धा मोजायची नाही, असं ठरलं. यादगिरी जिंकला असता तर मोजली असती, हे मैदानावरच्या पाखरालाही कळत होतं. पेंटरला हुकूम झाला, नाव काळं कर आणि तिथे लिही, दुष्काळामुळे स्पर्धा झाली नाही. चिठ्ठीवर ओळ काढून दिली. कमिटीच्या डोळ्यांदेखत चंद्रप्पांनी ती लिहिली.

रामकिशनलाही बोलावलं. कायमची माळ्याची नोकरी देतो, म्हणाले, फक्त हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"सरजा, माझी बायकू, तवा रस्त्याच्या कामावर खडी फोडत व्हती," तो म्हणाला. "सातवा महिना. मी हाव म्हणालो."

त्या संध्याकाळी पेंटर इथेच, या लिंबाखाली आले होते. म्हणाले, रामकिशन, तुझं नाव आत तसंच हाय, तू म्हणशील त्या दिवशी वर काढतो. दर वर्षी नवं नाव लिहायला आले की आधी इथे येत आणि विचारत, काढू का? आणि दर वर्षी रामकिशन म्हणे, आत्ता नगं. पोरगं शाळेत हाय. पुढच्या साली म्हणे, आत्ता नगं, पोरीचं लगीन हाय.

"कसं काढणार, ते बोलले न्हाईत," तो म्हणाला. "मी बी इचारलं न्हाई. आता ते संगंच घेऊन गेले."

महानंदाने फळा पाहायचा म्हटलं.

दिवाणखाना दुपारचा रिकामा होता. अण्णाराव नावाचे चिटणीस एकटेच टेबलाशी बसले होते, या क्लबात येऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली असतील. पेंटरची मुलगी वडलांचं काम पाहायला आली म्हटल्यावर ते अदबीने उठले, हळहळले. असा सोनेरी हात पुन्हा मिळायचा नाही, म्हणाले. तिने फळ्यावरची धूळ पुसली तर चालेल का, म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून फडका काढून दिला.

"कोरडाच मारा हं बाई. ओला फडका लावायचा नाही, सोनं जातं. तुमच्या वडलांचीच ताकीद. दर वर्षी जाताना सांगून जायचे."

महानंदा फळ्यापुढे उभी राहिली. सगळी नावं ओळखीची. तिनेच काढून दिलेली अक्षरं, आप्पांनी भरलेली. मधे ती एक ओळ. ओला फडका लावला तर सोनं जातं, हे तिने आप्पांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरी तर पाटी पुरी झाली की ते स्वतः ओल्या फडक्याने पुसत आणि तिला म्हणत, बघ, पक्कं बसलं की पाणी काही करत नाही.

ती बाजूला सरकली. खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं. सगळा फळा तेलाच्या रंगाचा, चकाकणारा. त्या एका ओळीची पट्टी मात्र वीतभर उंचीची, मंद, कागदावरच्या शाईसारखी सुकी. अक्षरंही सोन्याची नव्हती, पिवळी होती. तिने पट्टीवर बोट ठेवलं. काळ्याखाली दुसऱ्या अक्षरांच्या कडा बोटाला लागल्या.

डिंकात कालवलेला रंग. शाळेच्या नाटकाच्या पडद्यांना आप्पा वापरत तो. एका पावसात वाहून जाणारा.

दहा वर्षं ही ओळ अशी इथे होती, आणि या गावात फडका ओला करायला कुणी धजलं नव्हतं.

ती रामकिशनकडे वळली. तो दारातच उभा होता, चपला बाहेर काढून. दहा वर्षं इथे काम करून तो या खोलीत किती वेळा आला असेल, असं तिच्या मनात आलं. तिने त्याला विचारलं, "काढू का?"

त्याने अण्णारावांकडे पाहिलं, मग फळ्याकडे. "काढा," म्हणाला.

टेबलावरच्या तांब्यात तिने पदराचं टोक बुडवलं. अण्णाराव अहो अहो करत उठेपर्यंत पहिला हात फिरला होता. काळं पाणी ओघळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. पिवळी अक्षरं आधी गेली. दुसऱ्या हाताला सोनं दिसलं, दहा वर्षं उजेड न लागलेलं, शेजारच्या ओळींपेक्षा ताजं. तिसऱ्या हाताला सगळं नाव.

अण्णाराव चष्मा लावून जवळ आले. त्यांनी ते हळूहळू वाचलं आणि दाराकडे पाहिलं.

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या वडलांनी," महानंदा म्हणाली. "बाहत्तर साली. तुमची स्पर्धा झाली होती."

त्यांनी चष्मा उतरवला. कमिटीला कळवावं लागेल, एवढं पुटपुटले आणि जाऊन खुर्चीत बसले. तांब्या मात्र त्यांनी उचलला नाही.

रामकिशन फळ्याजवळ आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने विचारलं, यात माझं कुठलं आन् बापाचं कुठलं. तिने बोटाने दाखवलं. भीमा या नावापाशी तो बराच वेळ थांबला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "कार्ड वाचून काय म्हणाले पेंटर?"

आता पुन्हा एक शब्द पुरला असता. खूश झाले म्हटलं असतं तर हा माणूस तेवढं घेऊन नायगावला गेला असता.

"वाचलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "मी दाखवलं नाही. उठून तुमच्याकडे निघतील म्हणून लपवलं. ते विचारत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले."

तिच्या पदरातून काळं पाणी फरशीवर ठिबकत होतं. रामकिशनने खांद्यावरचं उपरणं काढलं, वाकून ती फरशी पुसली. उठताना म्हणाला, "म्या दहा साल 'आत्ता नगं' म्हणलं, ताई. तुम्ही एक म्हैना. दोघांनी मिळून ठिवलं त्यास्नी वाट बघत."

त्याने तिला धीर दिला नाही. ती त्याबद्दल मनात त्याची ऋणी राहिली.

परतीची एसटी लोहा, अहमदपूर करत आली. अहमदपुरात शाळेच्या भिंतीवर नवा जिल्हा लिहिलेला दिसला, दुसऱ्या कुणाच्या हातचा, घाईचा. लातूरला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. ती घराकडे न वळता गंजगोलाईत गेली. किराणा दुकानाची पाटी अजून तशीच, भिंतीला टेकवून ठेवलेली. 'जि.' एवढं अक्षर आणि पुढे काळी पट्टी. दुकानदार वीरण्णा गल्ल्यावरून उठून आला. दुसरा पेंटर बघायचं जिवावर येतं म्हणाला.

महानंदा पाटीपुढे वाकली. बोट जिभेला लावून तिने काळ्या पट्टीवर घासलं. एकदा, दोनदा, जरा जोराने.

बोट स्वच्छ निघालं. हा रंग पक्का होता.

तिने वीरण्णाला सांगितलं, दुसरा पेंटर बघू नका, रविवारी मी येते. घरी जाऊन तिने पेटीतला कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत 'लातूर' काढायला बसली. सुई मात्र तिला सापडेना. ती आप्पा सदऱ्याच्या कॉलरला आतून टोचून ठेवत, आणि तो सदरा तिने त्यांच्या अंगावर घालून पाठवला होता.