चार नंबरची उपाशी बॅटरी

दाजींनी आमच्या घरात आधी पडदा लावला, बॅटऱ्या नंतर. दाजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. लोकांची घरं सजवून देतात. उघडी वायर दिसली की त्यांना कुणीतरी बनियनवर दारात आल्यासारखं वाटतं.

पडद्यामागे चार बॅटऱ्या एका ओळीत. लालला लाल, काळ्याला काळं, अशा छोट्या वायरींनी एकमेकींना जोडलेल्या. इन्व्हर्टर पहिल्या बॅटरीच्या डोक्यावर, म्हणून त्याच्या दोन्ही मोठ्या वायरी दाजींनी पहिल्या बॅटरीलाच लावल्या. उरलेल्या काळ्या वायरीचं वेटोळं करून मागे कोंबलं. फोटोत एकदम झकास. कामाला दळभद्री.

रविवारी सकाळी आठला लाइट गेली. चार तास चालणारा बॅकअप सव्वा तासात टूं टूं करून गप झाला. आईच्या शिलाई मशीनची सुई एप्रनमध्येच अडकली. दवाखान्याचे बावीस एप्रन संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे होते, त्यातले नऊच शिवून झाले होते, आणि बारा ते चार परत लाइट जाणार होती.

दहाला लाइट आली आणि मागोमाग दाजीही आले. बाबा टेबलाशी बसले होते, पुढ्यात माझा दहावीच्या प्रवेशाचा फॉर्म. शाळा सोडून मला आठ महिने झाले होते. फॉर्म द्यायला उद्याचा शेवटचा दिवस. मला बॅटरीवाल्या मावशींच्या दुकानात पूर्णवेळ लागायचं होतं, बाबांना मी शाळेच्या बाकावर बसायला हवी होते. पेनाचं टोपण उघडं होतं.

"बॅटऱ्याच फालतू निघाल्या," दाजी म्हणाले.

"बॅटऱ्या चांगल्या आहेत. जोडणाऱ्याने माती खाल्ली."

"अगं, हळू बोल. मोठे आहेत ते," आई म्हणाली.

"मोठे आहेत म्हणूनच एवढी मोठी चूक."

दाजी हसले. "मेहुणीबाई आठवड्यातून दोनदा दुकानात टेकतात आणि आम्हाला शिकवतात."

डोकं सटकलं माझं. "बाबा, चूक दाखवली तर फॉर्म बाजूला ठेवाल?"

"दाखव तर आधी," बाबा म्हणाले. हो म्हणाले नाहीत. ते मी नंतर पकडलं.

मी मावशींचा मीटर आणला, पडदा सरकवला. दाजींनी डोळे मिटले. बॅटऱ्या नुकत्याच चार्जिंगला लागल्या होत्या. पहिल्या बॅटरीच्या दोन टोकांना काड्या टेकवल्या आणि म्हटलं, "दाजी, तुम्हीच वाचा. नाहीतर म्हणाल, हिने आकडा बनवला."

"चौदा पॉइंट एक."

दुसरी, तिसरी, आकडा उतरत गेला. चौथीवर दाजी वाचेचनात.

"वाचा की. अक्षरं मोठी आहेत."

"तेरा पॉइंट चार."

"जेवायला बसल्यावर सगळी भाजी पहिल्याच्या ताटात वाढली तर शेवटच्याने काय चाटायचं? ही महिनाभर उपाशी आहे. आणि पहिली खातेय तिच्या दुप्पट, राबतेय तिच्या दुप्पट. दोन्ही वायरी एकाच टोकाला लावल्या की हेच होतं. लाल पहिलीला, काळी चौथीला, मग सगळ्यांना सारखं. आणि या मधल्या वायरी एवढ्या बारीक का?"

"जाड वायर नीट वळत नाही," दाजी पुटपुटले.

मी इन्व्हर्टर बंद केला, चार्जिंगचा प्लग काढला. टेप गुंडाळलेल्या पान्याने काळी वायर पहिलीवरून सोडवली, वेटोळं ओढून काढलं आणि सगळ्या घराला दिसेल अशी चौथीपर्यंत नेली. मग परत चालू. मीटरवर आता तेरा नऊ, तेरा आठ, तेरा आठ, तेरा नऊ.

"भरतील का बारापर्यंत?" आईने विचारलं.

"पूर्ण नाही. पण चौघी जेवतायत आता. तुझं मशीन आणि एक दिवा निघेल, पंखे बंद ठेवले तर."

मी मनातल्या मनात दुकानात पोचले होते. तेवढ्यात दाजी बाबांकडे वळले, चेहरा मधासारखा. "सासरेबुवा, खरंच सांगतो. एवढं डोकं असलेली पोरगी घरी बसवायची म्हणजे पाप आहे. आधी शाळेत घाला."

बाबांनी पेन उचललं.

मी पण पाना उचलला. इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर, काळी वायर सोडवून हातात. "माझं डोकं काही नाही. दाजींचंच बरोबर होतं. त्यांनीच लावावी."

"लाव ती," आई म्हणाली.

"आधी पेन खाली."

"अकरा वाजत आलेत. तेरा एप्रन बाकी आहेत माझे."

"बाबांना सांग."

बाबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. वायरीचं टोक जड होतं, पण सोडलं नाही. आईने एप्रन बाजूला ठेवला, उठली आणि बाबांच्या हातातून फॉर्म घेतला. "दिवसभर दुकानात जाऊ दे तिला. परीक्षा बाहेरून देईल. त्याचा फॉर्म वेगळा असतो, महिना आहे अजून. हिला चालेल, तुम्हालाही चालेल. चालायलाच पाहिजे, मला शिवायचंय."

बाबांनी बराच वेळ टोपण शोधलं. हातातच होतं. "गणित कोण शिकवणार?"

आईने नुसतं दाजींकडे बघितलं.

"मी?" दाजी म्हणाले.

"हे?" मी म्हणाले.

"रोज संध्याकाळी सात ते आठ," बाबा म्हणाले. "रविवारीसुद्धा."

एवढ्या दिवसांत मी आणि दाजींनी एकमेकांकडे पहिल्यांदाच कीव करून बघितलं. मी वायर चौथीवर ठेवून नट आवळला. दाजींनी न सांगता मीटर पुढे केला.