दाराचा फळा

मार्तंड सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं तिसऱ्यांदा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे न बघताच म्हणाले,

"कहकशां, तो बाविसावा प्रश्न मोठ्यानं वाच बरं. कानाला कसा लागतो बघू."

कहकशांनं शेजारच्या खुर्चीवरून वाकून त्यांच्या कॉम्प्युटरवरचा प्रश्न वाचला. सरांनी मान हलवली.

"बरोबर हाय. तेविसावा?"

तिनं तेविसावा वाचला, चोविसावा वाचला, आणि पंचविसाव्यापाशी तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. कधी सरांचा चष्मा घरी राहायचा, कधी डोळ्यात काहीतरी गेलेलं असायचं, कधी प्रश्न कानाला लावून बघायचा असायचा. हा तोच माणूस, ज्यानं मागल्या वर्षी दारात उभ्या उभ्या तिच्या पडद्यावरचा निसटलेला स्वल्पविराम पकडला होता! आता बघायचे तेही मान तिरपी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं एका अंगानं. सरांना दिसत नव्हतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

का, तेही तिला ठाऊक होतं. लातूरच्या त्या गल्लीत एकेका इमारतीवर दहा-दहा क्लासच्या पाट्या, आणि भिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे हात-हातभर फोटो. त्यातल्या एका क्लासचे जीवशास्त्राचे पेपर अकरा वर्षं मार्तंड सर काढत होते, आणि कहकशां त्याच क्लासच्या ऑफिसात कामाला होती. क्लासचा मालक श्रीनाथ, त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं यंदा हैदराबादहून दोन तरणेबांड शिक्षक आणले होते आणि 'दिवाळीनंतर पेपरचं काम कुणाकडं द्यायचं ते बघू' असं सहज बोलल्यासारखं बोलला होता. ते ऐकून सर नुसते हसले होते. पण त्या दुपारी कहकशांजवळ म्हणाले होते,

"गंधार पुण्याला बोलावून राहिला. सातव्या मजल्यावर बाल्कनी हाय म्हणं. तिथं बसून मी काय करू सांग? खालच्या गाड्या मोजू?"

पोराचं चुकत नव्हतं, पण ज्याचा जन्म खडूच्या धुळीत गेला त्याला बाल्कनीत बसवणं म्हणजे बैलाला गादीवर झोपवणं. कहकशांनं त्या दिवशी मनाशी ठरवलं, की सरांनी सांगितलं नाही तर आपण विचारायचंही नाही. पण हातावर हात धरून बसायचं, तेही नाही.

ते ज्या प्रोग्रामात प्रश्न लिहायचे, त्याच्या सेटिंगमध्ये एक रिकामी चौकट होती. तिथं सीएसएसचे नियम लिहिले, की प्रोग्रामाचं रूप बदलायचं. अक्षर केवढं, रंग कुठला, दोन ओळींत अंतर किती. आतल्या प्रश्नाला धक्का लागत नाही. कहकशांच्या अब्बांचं, फारूकभाईंचं, गंजगोलाईत शिलाईचं दुकान. तिला हे सगळं शिलाईसारखंच वाटायचं. माणूस तोच, त्याला बेतून कपडा शिवायचा.

सर तासावर गेले तसं तिनं अक्षराच्या आकाराच्या ओळीत सव्वीस लिहिलं. सर परत आले, बसले, डोळे चोळले.

"लई झगझगून राहिलं आज हे," ते म्हणाले आणि चहाचं निमित्त करून उठून गेले.

झालं! पहिलाच कपडा तंग निघाला. तिनं तीसही करून बघितलं. अक्षरं मोठी झाली तरी सर मान तिरपीच करत होते, आणि आता तर कपाळावर आठ्याही पडायला लागल्या.

गुरुवारी ती हजेरीचा कागद द्यायला वरच्या हॉलमध्ये गेली. सर फळ्यावर पेशीची आकृती काढत होते. ओळी सुतात. एका पोरानं पुढं येऊन उरलेला भाग काढला, तर सर चार पावलांवरून गरजले,

"अरे ए शहाण्या, त्या मायटोकाँड्रियाला शेपूट कुठनं फुटलं?"

हॉल हसला. कहकशां मात्र कागद हातात धरून दारातच उभी राहिली. सरांना फळ्यावरचं दिसत होतं! मग ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळाली.

पांढरा उजेडच सरांना खात होता. तिनं पार्श्वभूमीला फळ्याचा रंग दिला, निव्वळ काळा नव्हे, हिरव्याकडे झुकणारा, खडू पुसून पुसून होतो तसा. अक्षरांना खडूचा पांढरा रंग दिला, तोही किंचित मळका. आकार पुन्हा सव्वीस. ओळी लांब-लांब ठेवल्या. बरोबर उत्तरापुढं प्रोग्राम एक बारीक टिंब द्यायचा, ते सरांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणून बरोबर उत्तराभोवती तिनं पिवळी जाड चौकट आखली. प्रत्येक नियमाशेजारी, तिरपी रेघ आणि चांदणी या खुणांच्या मध्ये, तो कशासाठी आहे हे मराठीत लिहून ठेवलं. त्या खुणांच्या आत लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही, ते फक्त माणसासाठी असतं.

सर आले. बसले. मग मान सरळ ठेवून, स्वतःच्या तोंडानं, त्यांनी पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रश्न वाचले. दहाव्यातली एक चूकही काढली. कहकशांला इतका आनंद झाला, की तिनं उगाचच ड्रॉवर उघडून पुन्हा बंद केला.

"हा माझ्या घराचा दरवाजा हाय," सर म्हणाले.

"काय म्हणालात, सर?"

"भूकंप झाला, तेव्हा आमच्या गावातली शाळा पडली. औसा तालुक्यातलं गाव. महिन्याभरानं पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू केला, तर फळा न्हाई. घराच्या ढिगाऱ्यातनं दरवाजा तेवढा धड निघाला होता. त्याला कोळशाची पूड अन् पाल्याचा रस चोपडला. असाच रंग आलता. श्रीनाथ पुढंच बसायचा, नाक पुसत."

बोटानं त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेला वरून खाली एक रेघ ओढल्यासारखं केलं.

"हितं कडेला एक पट्टी काळी केली न्हाई. गंधारची उंची मोजायची विमल, त्याची आई. दर दिवाळीला एक रेघ. सहा रेघा होत्या. विमल त्या रात्री गेली. रेघा राहिल्या. मी खाली लिहून ठेवलं, 'पुसू नये'. तीन वर्षं एका पोरानं तिथं हात लावला न्हाई."

कहकशां भूकंपाच्या सालचीच, अम्मीच्या, अमीरबीच्या पोटात असताना जमीन हलली म्हणून घरात तिला अजून 'जलजला', म्हणजे भूकंप, म्हणून चिडवत. तिनं सरांना नियमांची चौकट उघडून दाखवली, कुठली ओळ काय करते ते सांगितलं. सरांनी पोरासारखे प्रश्न विचारले. डोळ्यांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दहा दिवस असे गेले, की सर शीळ घालत जिना चढायचे; मधल्या रविवारी पेपरला सुट्टी होती. आणि मग तो रविवार आला.

त्या क्लासमध्ये एक शिस्त होती. मागं एकदा पेपर बाहेर फुटला होता, तेव्हापासून ज्यानं पेपर काढला त्यानंच आपल्या कॉम्प्युटरवरून छापायचा, निघालेले गठ्ठे कुणीही न वाचता सील करायचे, आणि रविवारी नऊला पोरांसमोरच फोडायचे. शनिवारी सरांनी स्वतः बटण दाबलं, कहकशांनं न बघता गठ्ठे बांधले. कागदावरच्या अक्षराचा आकार प्रोग्राम स्वतः ठरवायचा, उत्तराचं टिंब आणि रंगही कागदावर गळून पडायचे. पण चौकट म्हणजे रंग नव्हे, रेघ असते. ती गळत नाही.

नऊ वाजता कहकशांनं वरच्या हॉलमध्ये गठ्ठे फोडले. पाच मिनिटं हॉल चिडीचूप. मग मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. पहिल्या रांगेत हिमायतनगरची उर्वी बसायची, भलती सरळ पोरगी. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, ह्याच्यात बरोबर उत्तराला आधीच चौकट हाय. नव्वदच्या नव्वद. आम्ही सोडवायचं काय?"

पायाखालची जमीन सरकली असं लातुरात कुणी सहजासहजी म्हणत नाही. पण कहकशांनं बाकाची कड घट्ट धरली, एवढं खरं. पडद्यासाठी वेगळे नियम आणि कागदासाठी वेगळे, अशी सोय असते. ती ओळ ती लिहायलाच विसरली होती.

खाली श्रीनाथ पेपर हातात घेऊन उभा होता. सर आपल्या खुर्चीत बसले होते.

"चारशे पोरं वर बसलीयत," श्रीनाथ म्हणाला. "आईबाप खाली उभे हायत. हे कुणी केलं?"

"मी," कहकशां म्हणाली. "मी चौकटीचा नियम लिहिला, सर. छपाईतनं काढायचा विसरले."

"पण चौकट लागलीच कशाला? बरोबर उत्तरापुढं टिंब असतंय की."

खरं सांगावं तर सर उघडे पडतात, खोटं बोलायची तर तिला सवयच नव्हती. ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बोला ना. नोकरीचा प्रश्न हाय तुमच्या."

"माझ्यासाठी," मार्तंड सर म्हणाले.

श्रीनाथ वळला.

"मला टिंब दिसत न्हाई, श्रीनाथ. चैतापासून नजरेच्या मधोमध धूर आलाय. कडेचं दिसतं, मधलं न्हाई. ह्या पोरीनं मला विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, निमूट डोळे लावून दिले तिनं. चूक झाली ती माझ्या लपवण्यानं. तिला एक शब्द बोलू नको."

श्रीनाथची नजर सरांच्या पडद्यावर गेली. त्या काळ्या-हिरव्या रंगाकडे, खडूच्या अक्षरांकडे तो बघत राहिला. त्याच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला.

"नांदेडला डोळ्यांचे चांगले डॉक्टर हायत, सर," शेवटी तो म्हणाला.

"जाऊन आलो. गेलेलं येत न्हाई म्हणले. हाय ते सांभाळा म्हणले." सर उठले. "चल. चारशे पोरं बसवून ठेवलीस का वर?"

"आता काय करणार, सर? पेपर तर गेला."

"गेला कुठं? पोरांच्या हातातच हाय."

कठड्याला हात लावून, पायऱ्या मनात मोजत, सर जिना चढले. हॉलमध्ये गलका चालला होता. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर सुतात एक ओळ लिहिली: बाकीचे तीन पर्याय का चुकले?

"उत्तर आज फुकट दिलंय," ते म्हणाले. "चंगळ करा. आता पाठीमागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक प्रश्नाचं एवढंच लिहायचं. बाकीच्या तिघांचं काय चुकलं?"

"सर, हे लई अवघड हाय!" मागून कुणीतरी कळवळलं.

"हाव. म्हणूनच."

पोरांनी तीन तास मान वर केली नाही. दोनदा जादा कागद मागून घेतले. दर रविवारी पंच्याऐंशीच्या खाली न येणारी पोरं पेन चावत बसली, आणि पन्नाशीत घुटमळणारी उर्वी पान उलटत सुटली. श्रीनाथ दारात उभा राहून बघत होता. दुपारी त्यानं वीस-पंचवीस पेपर स्वतः चाळले आणि सरांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, निम्म्या पोरांचं नुसतं पाठांतर हाय. मला कधी कळलंच न्हाई."

"तू पण तसलाच होतास," सर म्हणाले.

श्रीनाथ हसला, पण डोळे पुसून. "महिन्यातला एक रविवार असाच ठेवू. पेपर तुम्हीच काढायचा. हैदराबादचे ते दोघं तुम्हाला पोरांची उत्तरं वाचून दाखवतील. त्यांनाही चार गोष्टी कळतील." मग कहकशांकडे बघून, जरा ओशाळून, म्हणाला, "तेवढी चौकट मात्र कागदावरनं काढा, मॅडम. दर वेळी नको."

सोमवारी सकाळी कहकशां लवकर आली. तिनं सरांचा कॉम्प्युटर चालू केला आणि नियमांची चौकट उघडली. छपाईची ओळ लिहायची होती, बाकी काही नाही. पण अक्षराच्या आकारापाशी तिची नजर थांबली. तिथं तिनं सव्वीस लिहिलं होतं. आता बत्तीस होतं.

त्या कॉम्प्युटरला सरांशिवाय कुणी हात लावत नसे. म्हणजे धूर आणखी पसरला होता. म्हणजे सर एकटे बसून, एकेक कळ चाचपत, ती ओळ शोधत गेले होते. आणि पुण्याला जाणाऱ्या माणसानं हा खटाटोप केला नसता.

ओळीच्या शेजारी, तिरपी रेघ आणि चांदणीच्या मध्ये, जिथलं फक्त माणसं वाचतात तिथं, सरांनी दोन शब्द लिहिले होते.

पुसू नये.

कहकशांनं त्याच्या खाली छपाईची ओळ लिहिली आणि बत्तीसला हात न लावता चौकट बंद केली. जिन्यावर शीळ ऐकू येत होती.