रडूबाई कोरडी

मामांनी विमानाच्या पोटाखालून हात फिरवला, बोटं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "उड्डाण थांबवा."

मामा म्हणजे हँगरचे मुख्य फिटर. या लष्करी मालवाहू विमानाला कागदावर नुसता नंबर होता. हँगरमध्ये तिला सगळे रडूबाई म्हणत. जिथे उभी राहील तिथे तेलाचं थारोळं. नव्या माणसाला मामांचा पहिला धडा ठरलेला : रडतेय तोवर भिऊ नका, डोळे कोरडे झाले की समजा, तेल संपलं.

आज खालची फरशी लख्ख होती.

"तेल भरलंय, मामा," ताई म्हणाली. कोठारातून इकडे येऊन तिला चारच महिने झाले होते, आणि एकटीनं केलेलं हे तिचं पहिलं काम. मामांनी सही नाकारली, तर पुन्हा कोठारात, नटबोल्टांच्या राखणीला.

"तेलाचं सील बदललंस म्हणे."

"हो."

"आजवर सात जणांनी बदललं. मला धरून."

"दोष सीलचा नव्हताच. ते बसतं त्या कडेला चरे पडले होते. तीन दिवस घासून सपाट केली."

"आणि तीस वर्षांत आम्हा आंधळ्यांना ती कडा दिसली नाही."

ताईनं हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

मामांनी तेल मोजायची पट्टी ओढली. तेल पूर्ण होतं. पुसून पुन्हा बुडवली. पूर्णच.

"वरच्या चौकीवर औषधांची वाट बघताहेत, मामा," पायलट शिडीवरून म्हणाला. "बाई एवढ्या वर्षांनी हसतेय, तर हसू द्या की."

"तू गप. बाहेर काढ आणि अर्धा तास इंजिन चालव."

अर्धा तास कानठळ्या बसल्या. इंजिन थांबलं, तसे मामा मनातल्या मनात देवाचं नाव घेत गुडघे धरून खाली वाकले. जमीन कोरडी ठणठणीत. ते लागेल त्याहून जास्त वेळ तसेच वाकून राहिले. मग उठले आणि कागदावर सही केली. किंचित वाकडी आली.

"आता नाव बदला हिचं," पायलट म्हणाला.

"राहू द्या," ताई म्हणाली. "माहेरचं नाव आहे ते."

रडूबाई ढगाआड गेली, तरी मामा जागचे हलले नाहीत. मग ठोंब्याकडे वळले. हे दुसरं विमान. जमीन सोडायची म्हटलं की याच्या जिवावर येई. याच्या चाकांचं काम काल मामांनी स्वतः संपवलं होतं, आणि मामांचं काम तपासायची रीत हँगरमध्ये कधीच नव्हती.

"ताई, याचं चाक जरा बघ."

"तुम्ही केलंय ना?"

"म्हणूनच सांगतोय."

ती वाकली, हात आत घातला. एका जागी तिची बोटं थांबली. मग तो हात तसाच ठेवून तिनं दुसरा मागे केला.

"मामा, पाना द्या."

मामांनी पाना पुसला आणि तिच्या हातात ठेवला.