कोणत्या तारखेपासून

“मॅडम, हा प्रोग्राम हँग झालाय की चालू आहे?”

कॉम्प्युटरच्या वर्गात नितीनच्या स्क्रीनवर अर्ध्या तासापासून नुसते आकडे धावत होते. निलमने वाकून पाहिले. “सांगता येत नाही. पुढच्या क्षणी थांबेल, किंवा कधीच नाही.”

“मग असा एकच प्रोग्राम लिहू ना, जो बाकीच्यांना बघून सांगेल, कोण थांबणार नि कोण नाही!”

“लिही. मग मी एक आगाऊ प्रोग्राम लिहीन. तो तुझ्या प्रोग्रामलाच विचारेल, माझं काय होणार? तू ‘थांबणार’ म्हणालास की तो चालत राहील. ‘नाही’ म्हणालास की लगेच थांबेल. तू दोन्हीकडून खोटा. सगळ्यांचा निकाल लावणारा प्रोग्राम होऊच शकत नाही.”

“मग किती वेळ बघत बसायचं?”

“तास संपेपर्यंत. मग बंद करायचा. त्यातून एवढंच कळतं, की आपण थांबलो.”

मागच्या स्टुलावर निलमची आई, सुकी, बसली होती. गावाकडून, उधव्याहून, सकाळच्या बसने आली होती. तास संपला तशी ती म्हणाली, “निलू, मशीनला कळत नाय, नि मी अंगठा देऊ?”

निलमचे वडील, चिमण, गुजरातच्या बोटीवर खलाशी होते. २०११च्या मे महिन्यात बंदरावर उतरले, घरी पोचले नाहीत. आता सात वर्षे झाली होती. त्यांना मयत ठरवा, असा कोर्टात अर्ज करता येत होता. घराची जागा त्यांच्या नावावर. ते मयत ठरल्याशिवाय आईला सरकारी घरकुल मिळणार नव्हते, आणि मागची भिंत यंदा पडलीच होती. दोन महिने निलमने आईची समजूत घातली होती.

“आये, भिंतीकडे बघ,” ती एवढेच म्हणाली.

वकिलाच्या ऑफिसात कारकुनाने अर्ज वाचून दाखवला. “कोणत्या तारखेपासून मयत धरायचं, मावशी? आजची टाकू?”

शाई लावलेला अंगठा सुकीने मागे घेतला.

“आजची नको, दादा. सकाळी त्याची भाकर टाकून आलेय.”

निलम घरी गेली की टोपलीत एक भाकरी जास्तीची असायची. आईचा हिशेब चुकतो, असे तिला वाटे.

“मग?” कारकुनाने विचारले.

“उद्याची टाका.”

अर्ज कोर्टात उद्याच जाणार होता; कारकुनाने उद्याची तारीख घातली. सुकीने अंगठा दाबून उमटवला आणि जिना उतरून ती भराभर बसस्टँडकडे निघाली.

“आये, हळू. बस आहे अजून.”

“वाल भिजत घातलेत गे. सोलायला वेळ लागतो. तुझ्या बापसाला सालं चालत नाय.”