ताईचे फोटो

"अजून थोडी मागे सर," धाकटी म्हणाली. "अजून. आता मान वर कर आणि पाण्याकडे बघ."

"वर बघू की पाण्याकडे?"

"वर बघत पाण्याकडे."

ताईनं आपल्या परीनं दोन्ही केलं. पुलाच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पर्स पोटाशी धरलेली. तिच्या मागे नदी होती, नदीपलीकडे काचेच्या इमारती आणि त्यांच्यामागून येणारं सकाळचं कोवळं ऊन. धाकटीनं फोन आडवा धरला, गुडघ्यात वाकली, फोटो काढला आणि बघितला.

"पुन्हा डोळे मिटलेस."

"ऊन आलं गं डोळ्यांवर."

"ऊन तुझ्या पाठीमागे आहे, ताई."

ताईनं आजूबाजूला कुठे बसायला जागा आहे का, ते बघून घेतलं.

दोन दिवसांच्या या सहलीची तयारी धाकटी महिनाभर करत होती. लोकांनी या शहरात काढलेले फोटो तिनं फोनमध्ये साठवून ठेवले होते. पुलावरचा सकाळचा, जुन्या चौकातला, मागचा घड्याळाचा मनोरा तळहातावर उचलून धरल्यासारखा, ग्रंथालयाच्या गोल जिन्याचा, सगळ्यात वरून खाली वाकून काढलेला, आणि संध्याकाळी, दिवे लागता लागता, शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून. कुठे कधी गर्दी कमी असते आणि उजेड कुठल्या बाजूनं येतो, हे सगळं तिनं वाचून ठेवलं होतं. काल संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ती हे सांगत असताना ताई "हो का? अरे वा," म्हणत होती. तिसऱ्यांदा "अरे वा" म्हणता म्हणता ताईला झोप लागली, ती चपला पायात असतानाच.

पूल उतरताना धाकटीचा फोन वाजला. दादाचा निरोप होता. 'बोललीस का?'

'अजून नाही,' तिनं चालता चालता लिहिलं आणि फोन खिशात टाकला.

दादा मधला. ताईपेक्षा लहान, पण घरात सगळेच त्याला दादा म्हणत, ताईसुद्धा. आई न्हाणीघरात पडली तेव्हापासून ती ताईकडे होती, आधी ताईच्या हाताला धरून चालायची, मग कायमची अंथरुणाला खिळली. ताई एकटी, घर तळमजल्यावर, पोस्टातली नोकरी तशीही संपत आली होती. ती ताईनं थोडी आधीच सोडली. तेव्हा कुणी तिला विचारलं असं नव्हतं. ताईच करणार, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं आणि ताईनंही धरून चाललं होतं. मग गेल्या वर्षी दादानं आपणहून कबूल केलं, नव्या वर्षापासून आईला सहा महिने आमच्याकडे आणतो. आता नवं वर्ष तोंडावर आलं होतं, आणि दादाच्या मुलीचं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं.

"येतं वर्ष जाऊ दे, त्याच्या पुढच्या वर्षी आईला नक्की नेतो," दादा फोनवर म्हणाला होता. "पण हे ताईला मी नाही सांगू शकत. तुझं ऐकते ती. चार दिवस कुठेतरी घेऊन जा, जरा मोकळी झाली की सांग. तोवर आम्ही दोघं जाऊन आईपाशी राहतो."

चार दिवसांचे दोनच झाले, कारण वहिनीला त्याहून जास्त सुट्टी मिळत नव्हती.

चौकात जायला दगडी पायऱ्या उतराव्या लागत. पहिल्या पायरीवर ताई थांबली, उजवा हात कोपरात वाकवून तिनं बाजूला धरला आणि मगच पाय खाली टाकला. पुढच्या पायरीवरही तसंच. धाकटीला वाटलं, आपल्या आधारासाठीच. तिनं जाऊन तो हात धरला, तशी ताई दचकली.

"काय गं?"

"काही नाही. तू हात पुढे केलास म्हणून."

"मी?" ताईनं हाताकडे बघितलं आणि तो खाली घेतला.

मनोऱ्याचा फोटो काही केल्या जमेना. धाकटी जमिनीवर जवळजवळ आडवी झाली, तरी मनोरा कधी ताईच्या मनगटातून उगवल्यासारखा दिसे, कधी तिच्या डोक्यावर. येणारे जाणारे हसत बघत होते. एका बाईनं तर थांबून ताईचा हात हवा तिथे नेऊन दिला.

"झाला का?" ताईनं विचारलं. "हात भरून आला."

"झालाच. जरा हस ना."

"हसतेच आहे मी."

ग्रंथालयाच्या गोल जिन्यावर चढायला ताईनं सरळ नकार दिला नाही. ती खालच्या दालनातल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "तू बघून ये, आणि मला सांग कसा आहे." धाकटी चारही मजले चढली. वरून खाली वाकून बघितलं, तर जिना खरोखरच फोटोतल्यासारखा होता, शंखासारखा आत आत वळत गेलेला. अगदी तळाशी, मधोमध, बाकाचं एक टोक आणि ताईचे पाय दिसत होते. एक पाय चपलेतून बाहेर आलेला. धाकटीनं तो फोटो काढला.

खाली आली तेव्हा ताई बसल्या बसल्या गाढ झोपली होती. समोरच्या भिंतीवर भलंमोठं चित्र होतं, युद्धाचं, घोडे आणि भाले आणि धूर. लोक लांबून लांबून ते बघायला येत. त्याच्याकडे तोंड करून ताई झोपली होती. दारावरच्या पहारेकऱ्यानं धाकटीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. तिलाही हसू आलं. फोन वर करून तिनं ताईचा फोटो काढला. नेमका त्याचा आवाज झाला, खट्.

"आले, आले," ताई ताडकन उठून उभी राहिली. "हलू नकोस, आले मी."

दालनातली चार डोकी वळली. ताईनं इकडे तिकडे पाहिलं. आपण कुठे आहोत हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती हळूच पुन्हा बसली आणि पायानं चप्पल चाचपू लागली.

दुपारी त्या एका छोट्या उपाहारगृहात शिरल्या. धाकटीनं खिडकीची जागा मिळवली, गरम सूप मागवलं, ताईला आवडतो म्हणून केक मागवला, आणि तिच्या खांद्यावरून घसरलेला स्वेटर सारखा केला. ताई तिच्याकडे बघत राहिली.

"काय मोडलंयस?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लहानपणी तू काहीतरी मोडून ठेवायचीस, आणि मग मला न सांगता चहा करून आणायचीस. तू असे लाड करायला लागलीस की मला धडकीच भरते."

धाकटी हसली. खरं म्हणजे हीच वेळ होती. ताई बसली होती, समोर गरम काहीतरी होतं, बोलण्याला बोलणं लागलं होतं. तिनं चमचा खाली ठेवला.

"ताई, दादाचं काय झालंय..."

"त्यानं तिला कुशीवर वळवलं असेल ना गं?" ताई म्हणाली. "दर थोड्या वेळानं वळवावं लागतं, नाहीतर पाठ लाल होते. मी सांगितलंय त्याला. दोनदा सांगितलंय. पण आई त्याला म्हणेल, राहू दे, आणि तो राहू देईल."

"वळवलं असेल."

"हो. वळवेल तो. मोठा आहे आता." ताईनं केकचा एक घास घेतला आणि बराच वेळ चावत बसली. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. खा तू."

ताई तोंड धुवायला गेली, तेव्हा धाकटी फोनमधले सकाळचे फोटो चाळत बसली. पुलावरचा. चौकातला. कारंज्यापाशी एका अनोळखी माणसाला काढायला लावलेला दोघींचा. उजेड चांगला होता, इमारती सरळ आल्या होत्या, तरी प्रत्येक फोटोत काहीतरी चुकत होतं. ती फोटो मोठे करकरून बघू लागली. ताई कुठेच मधोमध उभी नव्हती. दर वेळी ती डावीकडे सरकलेली होती आणि तिच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. दोघींच्या फोटोतसुद्धा. धाकटी त्या फोटोत ताईच्या डाव्या बाजूला उभी होती, कारण काढणाऱ्यानं "जवळ या" म्हटल्यावर ताईनं तिला तिकडेच ओढून घेतलं होतं.

मग तिनं चेहरा मोठा केला. डोळ्यांखालची कातडी राखेसारखी झाली होती. ताई साठीचीही नव्हती. फोनवर रोज रात्री तिचा आवाज येई, "आम्ही मजेत आहोत, तू जेवलीस का?" आणि तो आवाज एवढा म्हातारा चेहरा घेऊन बोलत असेल, हे धाकटीला कधी सुचलं नव्हतं. तीही रोज सल्ले देई. हवेची गादी घे, एखादी बाई ठेव, स्वतःकडे लक्ष दे. ताई म्हणे, "हो, बघते."

ताई परत आली. धाकटीनं फोन उलटा ठेवला.

उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्या पोचल्या तेव्हा ऊन उतरत होतं. चारी बाजूंना काच होती आणि काचेला लोक चिकटलेले होते. खाली नदी तांब्याच्या पट्टीसारखी दिसत होती. कुठेकुठे पहिले दिवे लागू लागले होते. धाकटीनं गर्दीतून वाट काढून एक कोपरा पकडला आणि ताईसाठी जागा धरून मागे वळली. ताई आली नव्हती. मजल्याच्या मधोमध, काचेपासून दूर, लिफ्टच्या भिंतीला लागून एक लांब गादीचा बाक होता. ताई त्यावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. डोळे मिटलेले.

धाकटी तिच्यापाशी आली. खांद्याला हात लावणार, तोच फोन वाजला. ताई उठू नये म्हणून तिनं तो घाईनं घेतला आणि दोन पावलं बाजूला झाली.

"काय झालं?" दादा विचारत होता. "सांगितलंस की नाही? मला पोरीच्या सासरी कळवायचंय गं."

"सांगितलं," धाकटी म्हणाली.

"मग? काय म्हणाली?"

धाकटीनं बाकाकडे बघितलं. ताईचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, तळवे वर. दिवसभरात पहिल्यांदाच तिनं काही धरलेलं नव्हतं.

"ताई नाही म्हणाली."

पलीकडे काही क्षण नुसता घरातला आवाज आला. भांडं ठेवल्याचा, वहिनीच्या बोलण्याचा.

"नाही म्हणाली म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. आता माझ्याच्यानं होणार नाही, असं सरळ म्हणाली."

"आपली ताई?"

"हो, दादा. आपलीच ताई."

ताईनं कशाला नाही म्हटल्याचं दोघांच्याही आठवणीत नव्हतं. जिना उतरताना एक पायरी कमी लागली की माणूस जसा गोंधळतो, तसं दादाचं झालं असावं.

"रागावून म्हणाली का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही रे. शांतपणे."

"मग आता तिचं म्हणणं काय? करायचं काय आपण?"

"ते तिनं का सांगायचं?" धाकटीचा आवाज चढला, तो तिनं खाली आणला. "पहिले सहा महिने आई माझ्याकडे येईल. तुझ्या पोरीचं बाळंतपण होऊ दे. पुढचे सहा तुझे."

"तुझ्याकडे? अगं, तुझ्याकडे लिफ्ट कुठे आहे?"

"एकदा वर नेली की रोज थोडीच उतरवायची आहे?"

"आणि तुझी नोकरी? घरात विचारलंस का?"

"विचारते," ती म्हणाली. "काहीतरी करते. पण ताईला आता काही बोलू नकोस. फोनसुद्धा करू नकोस तिला."

"बरं," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "अगं, एका रात्रीतच माझी कंबर धरली. ती कसं करते गं एकटी?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं फोन ठेवला.

धाकटी येऊन बाकाच्या कडेला टेकली. समोर लोक काचेकडे पाठ करून फोटो काढत होते, मुलांना खांद्यावर घेत होते. बाहेर दिवे भराभर लागत चालले होते. तिला उठून तिकडे जायचं होतं, महिनाभर तिनं याच वेळेची वाट पाहिली होती, पण ती उठली नाही.

"आणखी काय म्हणाले मी?"

ताईचे डोळे मिटलेलेच होते.

"एवढंच," धाकटी म्हणाली.

"फारच स्पष्ट बोलले गं."

"हो. दादा घाबरला."

ताईचे ओठ हलले. ते हसू होतं की काय, ते त्या उजेडात कळलं नाही. धाकटीला वाटलं, आता ती म्हणेल, कशाला उगीच, मी करीन की. ती तेच ऐकायच्या तयारीनं बसून राहिली.

"तिला डाव्या कुशीवरच झोप लागते," ताई म्हणाली. "उजवीवर ठेवलंस तर रात्रभर बोलत राहते."

"बरं."

"आणि दिवा पूर्ण घालवायचा नाही. दूध देताना मान हातावर घ्यायची, उशीवर नाही. उशीवर ठसका लागतो. आणि कधी मला ओळखत नाही, तेव्हा... तुलाही ओळखणार नाही, तर लगेच नाव सांगायचं नाही. ती स्वतः विचारते थोड्या वेळानं. तोवर नुसतं..."

धाकटी वाट बघत राहिली. "नुसतं काय, ताई?"

ताईचा श्वास लांब आणि जड झाला होता. तिचं डोकं भिंतीवरून हळूहळू कलत धाकटीच्या खांद्यावर आलं, आणि धाकटी तशीच, न हलता बसून राहिली.