डाव्या गालावरचा व्रण

माझ्या थोरल्या मुलीला पहिला दात आला ते साल १९६१. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या वस्तीवर वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजावरच्या डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या, नुवालिंगाताईच्या मुलीला तपासलं, छातीत क्षय आहे म्हणाले आणि तिला तशीच जहाजावर ठेवून घेतली. काउनाक नऊ वर्षांची होती. निरोप घ्यायलाही तिला खाली उतरू दिलं नाही. वर्षभर खबर नाही. आमची चित्रं छापून विकणाऱ्या छपाईघराच्या गोऱ्या साहेबाने दोनदा रेडिओवरून विचारलं. त्या नावाची मुलगी कुठल्या इस्पितळात आहे ते सापडत नाही, एवढंच उत्तर आलं.

तेव्हा ताईने काउनाकचा चेहरा कागदावर काढला. डाव्या गालावर कुत्रा चावल्याचा व्रण, मासे धरायच्या गळासारखा वाकडा. आमची चित्रं दक्षिणेतल्या शहरांत भिंतींवर लागतात, हे तिला ठाऊक होतं. पन्नास प्रती पन्नास घरांत जातील, एखादी तरी नर्स तो व्रण ओळखेल, असा तिचा हिशेब. जहाज सहा दिवसांनी निघणार होतं.

छापायचं चित्र दगडावर कोरायचं काम माझं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात; मला आमच्या आजोबांचं ठेवलेलं, म्हणून मी धाकटा असूनही ताई मला आजोबाच म्हणे.

"आजोबा, बाकी कसंही कर," ती म्हणाली. "व्रण चुकवू नकोस."

आमची रीत अशी, की चित्र दगडावर पालथं घालून मागून गिरवायचं. म्हणजे छाप सुलटा येतो. मी कागद पालथा धरला आणि हात थांबला. आम्ही मेलेल्या माणसावर दगड रचतो. पोरीचं तोंड दगडाला लावणं मला जमेना. मी कागद भिंतीला टाचला, दिसला तसा चेहरा दगडावर उतरवला आणि कोरायला बसलो. शाई लावणारा पाउलासी म्हणाला, की तुला पुढच्या वर्षीचं जहाज गाठायचं दिसतंय. मी आणखीच जपून कोरलं.

पाचव्या दिवशी पाउलासीने दगडावर शाई फिरवली, कागद ठेवून घासला आणि उचलला. काळ्या चेहऱ्यावर व्रण पांढरा उमटला होता. ताईने कागद हातात घेतला.

"ही माझी पोर नव्हे."

व्रण उजव्या गालावर आला होता.

दुसरा दगड कोरायला वेळ नव्हता. मी का चुकलो ते तिला सांगितलं. वाटलं होतं, ऐकून निवळेल.

"मेली असती तर दगड मीच रचले असते," ती म्हणाली. "ती जिवंत आहे. तूच तिला मेली धरलीस, आजोबा."

दुसऱ्या गालावर मी व्रण कोरला, पण पहिला बुजवता येईना. कोरलेला दगड परत भरत नाही. मग ताई पाउलासीशेजारी बसली आणि उचललेल्या प्रत्येक ओल्या कागदावर बोटाला शाई घेऊन तो चुकीचा व्रण बुजवू लागली. पन्नास वेळा. साहेब म्हणाला, बोटांचे ठसे दिसतात, हे कागद खराब झाले. ताईने बोट पुसलंही नाही, सुकलेले कागद त्याच्यापुढे सरकवले. त्याने कागद गुंडाळून पेटीत घातले.

पुढच्या उन्हाळ्यात जहाज आलं. पन्नासही चित्रं विकली गेली, लोकांना तो बोटाचा ठसाच आवडला, असं साहेब म्हणाला. नर्सचं काही नव्हतं. ताईने दगड तरी द्या म्हणून मागितला. मी तो हिवाळ्यातच घासून सपाट केला होता, त्यावर दुसऱ्या कुणी काढलेलं अस्वल कोरलं होतं. चांगला दगड सहजी मिळत नाही.

पुढे आमच्या घरांत पाच मुलं जन्मली. प्रत्येक वेळी ताई दाराशी येऊन उभी राही, आत कोणतं नाव ठेवतात ते ऐकून जाई. काउनाकचं नाव कुणाला दिलं नाही. देणं म्हणजे ती गेली असं म्हणणं.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो. इस्पितळांच्या जुन्या याद्यांच्या नकला वस्तीवर आल्या, तेव्हा सरकारने काउनाकच्या गळ्यात घातलेल्या बिल्ल्याचा नंबर मला पाठ होता. तो तिसऱ्या पानावर निघाला, दुसऱ्याच मुलीच्या नावापुढे. वय नऊ, डाव्या गालावर व्रण, असं लिहिलं होतं.

यादीप्रमाणे काउनाक १९ मार्च १९६१ला वारली, मी दगड कोरायला घेतला त्याच्या पाच महिने आधी. नुवालिंगाताई १९७८च्या हिवाळ्यात वारली.